नाकवाल्या साहेबाचा कागद

इंग्रज हा देश सोडून गेले ही गोष्ट मनापासून न पटलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरात, अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकात, गॅलरीतल्या खाटेवर झोपत असे. हे आमच्या ह्यांचे मामा. मुलाबाळांचा पसारा नाही, लग्नच केलेलं नाही, म्हणून भाच्याकडे राहायला आलेले. जन्म मालवणकडचा, वडील गिरणीत, आणि स्वतः मामा सरकारच्या दफ्तरखान्यात, म्हणजे कंपनी सरकारच्या काळापासूनचे जुने कागद जिथे बांधून ठेवतात तिथे, ऐन जवानीत चिकटले ते डोक्यावरचे केस संपल्यावरच सुटले. इंग्रज गेले असं कुणी बोललं की मामा चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "गेले कसे? त्यांच्या पत्रांची उत्तरं द्यायचीयत अजून." मामांच्या मते ती मंडळी लांबच्या रजेवर होती आणि मागची टेबलं मामांना सांभाळायला सांगून गेली होती.

साहेबांविषयी ते बोलत ते असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हे सगळे वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. "तो सुरतेचा जज्ज, फार पिणारा. बायको समजूतदार म्हणून टिकला." किंवा, "रत्नागिरीचा कलेक्टर माणूस सरळ, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." माझ्या नणंदेला पाहायला सांताक्रूझची मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले की आमच्या पणजोबांना इंग्रजांनी रावसाहेब केलं होतं. मामा गॅलरीतून आत आले. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण मामांचा चष्मा कपाळावर गेलेला होता. "कुठल्या जिल्ह्यात?" त्यांनी विचारलं. जिल्हा कळल्यावर म्हणाले, "हां, हां. त्या वर्षी तिथे दोघांना रावसाहेबकी दिली होती. एकाने विहीर बांधली म्हणून आणि दुसऱ्याने साहेबाचा हरवलेला कुत्रा आणून दिला म्हणून. तुमचे कोणते?" पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या स्थळाकडून पुढे काही कळलं नाही. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की मी दोन दिवस मामांशी बोलले नाही. मामांना ते कळलंच नाही, कारण ते जिवंत माणसांकडे तसं फारसं लक्ष देत नसत.

दफ्तरखान्याचा इतिहास आम्हाला सत्यनारायणाच्या कथेसारखा ऐकावा लागे, आणि तोही जेवताना. कंपनीच्या काळी इथून विलायतेला एक पत्र पाठवायचं म्हणजे त्याच्या तीन नकला करत आणि तीन वेगळ्या जहाजांतून पाठवत. "एक बुडालं, दुसरं चाच्यांनी लुटलं, तरी तिसरं पोचतंच," मामा भाताचे तीन ढीग करून दाखवत. त्यात एका ढिगावर आमटी ओतून ते जहाज बुडवतही. शिवाय स्थळप्रत, म्हणजे कचेरीची आपली नक्कल, इथे राहायचीच. असे कागद साचत गेले. कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टातल्या, खोल्या भरल्या, जिने भरले, मग उंदीर आले, उंदरांमागे वाळवी आली, आणि वाळवीमागे एक शहाणा साहेब आला. त्याने सगळं झाडून पुसून, कपड्यात बांधून, फडताळं करून लावलं. पुढे नवे कागद येतच राहिले आणि जागा काही वाढेना, तेव्हा सरकारने कागदांची जात ठरवली. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचा. ब म्हणजे बरीच वर्षं. क म्हणजे थोडी वर्षं. आणि ड म्हणजे वर्ष सरलं की रद्दी. ही व्यवस्था मामांना इतकी मानवली होती की त्यांनी ती आमच्या नातेवाइकांनाही लावली. ह्यांचे कांदिवलीचे चुलतभाऊ क वर्गात होते. बोरिवलीची आत्या आधी ब मध्ये होती, पण तिने मामांच्या समोर लग्नपत्रिकेचा बोळा करून त्याने गॅसचा ओटा पुसला, आणि त्याच संध्याकाळी ती ड मध्ये गेली. मी कोणत्या वर्गात आहे हे मी एकदा धीर करून विचारलं. "सूनबाई, तुझी फाइल अजून चालू आहे. बंद झाल्यावर बघू," ते म्हणाले. यात कौतुक होतं की धमकी, हे मला आजवर कळलेलं नाही.

कागद फाडणं त्यांना बघवत नसे. आमच्या घरी दर दिवसाला एक पान फाडायचं कॅलेंडर यायचं. मामा पान फाडायच्या ऐवजी वर दुमडून दोऱ्याने बांधत. दिवाळीपर्यंत त्या कॅलेंडरला असं काही गाठोडं यायचं की भिंतीचा खिळा निघायचा, आणि खिळा निघाला की तारीख पलंगाखाली जायची. चण्याची पुडी ते उलगडत, वाचत, मांडीवर सपाट करत आणि मगच चणे खात. तोपर्यंत चणे त्यांच्या धोतराच्या ओच्यात. जुहूला एकदा सगळे मिळून गेलो तर भेळवाल्याकडे त्यांनी भेळ परत दिली आणि खालचा कागद ठेवून घेतला, कारण त्याच्यावर कुणाच्या तरी मृत्युपत्राचं शेवटचं पान होतं आणि सही अर्धी दिसत होती. "ह्याच्या मुलांना कळलं असेल का रे, काय दिलंय ते?" म्हणून ते पुढची सगळी संध्याकाळ हळहळत राहिले. रद्दीवाला आला की मामा त्याच्या तराजूशेजारी उकिडवे बसत आणि एकेक वर्तमानपत्र उलटून पाहत. इमारतीच्या बायका जिन्यात थांबून हसत आणि मी दाराआड उभी राहून जमिनीने मला गिळावं अशी प्रार्थना करत असे. रद्दीवाला बिचारा भला माणूस. तो म्हणायचा, "मामा, आप तो सीबीआय में होना मंगता था."

आणखी दोन गोष्टी होत्या, त्यांचा अर्थ आम्हाला लागत नसे. एक म्हणजे मिठाईचे खोके. पुठ्ठ्याचं खोकं टाकायला मामांची बंदी होती. ते रिकामं खोकं उजेडाशी धरून आतला पुठ्ठा निरखत, कडा नखाने उकलून बघत आणि मग खाटेखाली सरकवून ठेवत. खाटेखाली खोक्यांची एवढी चळत झाली होती की मामा झोपले तरी बसल्यासारखे दिसत. दुसरी गोष्ट म्हणजे साकीनाका. ह्यांची मावशी, म्हणजे मामांची सख्खी धाकटी बहीण, घाटकोपरला राहायची. अंधेरीहून साकीनाक्यावरून बसने सरळ जाता येतं. पण मामा भाऊबीजेला सुद्धा त्या वाटेने जात नसत. दादरवरून उलटा वळसा घालून, गाडी बदलून, ओवाळायच्या तबकातलं निरांजन विझल्यावर पोचत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "तिथे हवा वाईट आहे." अंधेरीत राहणाऱ्या माणसाने साकीनाक्याच्या हवेला नावं ठेवावीत याचं आम्हाला हसू यायचं.

पण हे सगळं आम्ही चालवून घेत होतो ते मामांच्या गोष्टींपायी. दफ्तरातल्या कागदांत वाचलेल्या गोष्टी मामा अशा रंगवत की आमची मुलं टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसत. बढती न मिळालेल्या एका कारकुनाने मिरगाच्या तोंडावर सरकारी छत्रीसाठी केलेले अर्ज, पोपटावर अब्रूनुकसानीचा दावा लावणारी मडम, अशा कितीतरी. आणि त्या सगळ्यांत आमची लाडकी गोष्ट होती नाकवाल्या साहेबाची.

हा साहेब आमच्याच बाजूला, खाडीजवळच्या टेकाडावर बंगला बांधून राहायचा. खाली कोळीवाडा. कोळणी आपल्या खळ्यावर, म्हणजे मासळी सुकवायच्या मोकळ्या जागेवर, बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घालायच्या आणि वारा फिरला की वास बंगल्यात जायचा. साहेबाचं नाक नाजूक. मामा हे सांगताना स्वतःचं नाक दोन बोटांत धरून, गेंगाण्या इंग्रजीत साहेबाचा हुकूम वाचून दाखवत. साहेबाने नकाशावर बोट ठेवलं आणि खळं तिथून हलवून इथे न्या म्हणून लिहिलं. कोळणींनी एक शब्द उलट काढला नाही. साहेबाने बोट ठेवलं होतं तिथेच, अगदी तिथेच, त्यांनी वलांड्या नेऊन उभ्या केल्या. आता नकाशावर वारा काढलेला नसतो. ती जागा नेमकी दर्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी होती. आधी वास कधीमधी यायचा, तो आता बारा महिने तेरा काळ बंगल्यात मुक्कामाला आला. मडम माहेरी जायला निघाली. शेवटी साहेबाने दुसरं पत्र लिहिलं, आणि ते मामांना अक्षरशः तोंडपाठ होतं. आपला पहिला हुकूम चुकीचा होता, त्यापायी मडमही घर सोडून निघाली. भरतीच्या रेघेपासून वरच्या चिंचेपर्यंतचं खळं ह्या बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. त्या तिथेच मासळी सुकवतील आणि कुणीही त्यांना हलवू नये. वरच्या साहेबाने त्याच्या समासात शेरा मारला होता की एका माणसाच्या नाकापायी सरकारची किती शाई खर्च व्हावी याला काही मर्यादा असावी. आणि मग मामा उभे राहून, छातीशी हात नेऊन शेवट म्हणत, "आय हॅव द ऑनर टु बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट." आम्ही दर वेळी हसून लोळत असू.

ही गोष्ट मी धाकूमावशीला सांगितली. धाकूमावशी आमची मासळीवाली. पाटी दारात उतरवून, पाय पसरून बसणार, पाणी मागणार, आणि पापलेट कापता कापता इमारतीतल्या सगळ्यांचं माप काढणार. तिला हसवावं म्हणून मी नाक धरून साहेब केला, वारा केला, मडम केली. ती पदर तोंडाला लावून हसत होती. चिंचेचं नाव घेतलं आणि तिची सुरी थांबली.

"ती चिंच अजून हाय गो," ती म्हणाली. "यो आमचाच खला हाय!"

मग तिने सांगितलं ते असं. खाडीकडच्या दलदलीत तेव्हा दिवसाला ट्रकच्या ट्रक माती पडत होती. जिथे काल खेकडे फिरायचे तिथे आज इमारतीच्या जाहिरातीचा बोर्ड, असे ते दिवस होते. भराव खळ्यापर्यंत आला होता. कोळणी कचेरीत गेल्या तर साहेब म्हणाला, जागा सरकारी पड आहे, तुमची असेल तर कागद आणा. सुनावणीची तारीख लागलेली होती. "आमचे म्हातारीची म्हातारी तिथं बोंबील सुकवायची. कागद कुठला आनू? नि तुमचे घरान कागद हाय, नि तू माना हसून सांगतेस?" तिने हात पुसले, मासळीची पाटी तशीच उघडी टाकून गॅलरीत गेली आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा, त्यो कागद कारून द्या. आमी जन्माचे तुमचे."

मामांनी पाय वर घेतले. आधी मला वाटलं, मासळीचे हात लागतील म्हणून घेतले. पण मग त्यांचा चेहरा पाहिला. एखाद्याला भर रस्त्यात नागवं केल्यासारखा तो चेहरा होता.

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या गोष्टी बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातून सुक्या बोंबलांचं एक भलं मोठं गाठोडं आलं आणि सगळ्या इमारतीला नाकवाल्या साहेबाचं दुःख समजलं. मामांनी त्यातल्या एकालाही हात लावला नाही. जेवताना भाताची जहाजं होईनात. मी आधी गोडीने विचारलं, मग चिडून विचारलं. "एवढी वर्षं दफ्तरात घासलीत, आता एक नक्कल आणून द्यायची तर तुमचा पाय निघत नाही? की अर्ज तीन प्रतींत हवा?" हे बोलायला नको होतं, पण मी तापट आहे आणि धाकूमावशी रोज सकाळी दारात येऊन नुसती माझ्याकडे बघत होती. शेवटी एका दुपारी मामा गॅलरीतून आत आले आणि माझ्यासमोर स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. असे ते कधी बसत नसत. दफ्तरखान्यातलं इंग्रजी आणि अंधेरीतलं मराठी दोन्ही गळून पडलं होतं आणि ते आईशी बोलावं तसं मालवणीत बोलले.

"गो बाय, जो कागद माका पाठ आसा, तो आता खंयच नाय."

मला कळेना. मग त्यांनी हळूहळू, अर्धं मालवणीत अर्धं मराठीत, सांगितलं. दफ्तरखान्यात मामा कागद सांभाळायच्या कामावर नव्हतेच कधी. ते छाटणीवर होते. मुदत कधीच संपूनही वर्षानुवर्षं तशाच पडलेल्या क आणि ड वर्गातल्या फाइली काढायच्या, रद्दीत घालण्याआधी प्रत्येक पान उलटून वाचायचं, काही महत्त्वाचं नाही अशी खात्री करायची, वर दोन ओळी लिहायच्या आणि सही करायची. नियम असा होता की वाचल्याशिवाय नष्ट करायचं नाही. अ वर्गातले कागद कपड्यात बांधून फडताळात. ते सुरक्षित, त्यांना कोण कशाला उघडतंय? "अ वर्गातला एकही कागद मी वाचलेला नाही, सूनबाई," मामा म्हणाले. "वेळच नसे. जे जाळ्यात आलं तेवढंच वाचलं." म्हणजे तो पोपट, ती छत्री, तो सुरतेचा जज्ज आणि त्याची समजूतदार बायको, आमच्या मुलांनी ज्यांच्यापायी टीव्ही बंद केला ती सगळी माणसं मामांनी स्वतः सही करून मोडीत काढलेली होती. छाटलेल्या कागदांचे गठ्ठे ट्रकमध्ये भरून साकीनाक्याच्या एका कारखान्यात जात. तिथे त्यांचा लगदा होई आणि लगद्याचा पुठ्ठा. ह्या पुठ्ठ्याची खोकी होत, चपलांची आणि मिठाईची.

मी दारातून गॅलरीतल्या खाटेखालच्या चळतीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"पण हा कागद तुम्ही कसा हो घातलात? ह्यात तर जमीन होती," मी विचारलं.

"फाइलीवर विषय लिहिला होता, किरकोळ. दुर्गंधीबाबत तक्रार. आत जमीन आहे हे वाचताना दिसलं माका. दिसलं नाय असं नाय. पण साहेबाचा नाक, मडम, तो शेरा... हसू आवरेना. चहाच्या वेळी सगळ्यांका वाचून दाखवलंय. पोटभर हसलंय, नि सही केलंय." मग म्हणाले, "तेव्हा ह्या बायका खऱ्या असतील असं मनातच आलं नाय."

गोष्ट ऐकून आम्हीही एवढी वर्षं पोटभरच हसलो होतो. मी भाकरी थापायला घेतली. दुसरं काय करणार होते?

सुनावणीला जाऊ नका, असं हे मामांना म्हणाले. कागद नाहीच तर जाऊन काय करायचं, उगाच शोभा. पण मामा लग्नकार्यांसाठी ठेवलेला बंद गळ्याचा कोट घालून तयार झाले. मी बरोबर गेले. कचेरीत धाकूमावशी आणि खळ्यावरच्या साताठ बायका डोक्यात अबोली माळून, दागिने घालून आलेल्या. देवळात जावं तशा. मामांना पाहून त्यांचे चेहरे उजळले, तेव्हाच मला तिथून पळून जावंसं वाटलं. अधिकारी तरुण होता, वागायला वाईट नव्हता. मामांनी उभं राहून दोन्ही हात मांडीला चिकटवले आणि साहेबाचं दुसरं पत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटलं. या खेपेला त्यांनी नाक धरलं नाही. घरी आम्ही हसत असू त्या जागा आल्या आणि गेल्या, कुणी हसलं नाही. समासातला शेराही त्यांनी वाचल्यासारखा म्हटला.

"छान," अधिकारी म्हणाला. "आता नक्कल दाखवा."

"नाही."

"मूळ कुठे आहे?"

"नष्ट केलं."

"कोणी?"

"मी," मामा म्हणाले. आणि कोळणींना इंग्रजी पत्र कळलं नव्हतं म्हणून त्यांच्याकडे वळून सरळ शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमचा कागद मी रद्दीत घातला. माझ्या सहीने."

धाकूमावशी मामांकडे बघत होती आणि मामा धाकूमावशीकडे. ओशाळलेला माणूस खाली बघतो, पण त्यांनी मान खाली घातली नाही. मीच घातली. अधिकारी म्हणाला, "आजोबा, पाठांतर हा पुरावा होत नाही. पण तुमची जबानी घेतो." लेखनिकाने ती लिहून घेतली. सही झाल्यावर ते हलेनात. "ह्या फाइलीवर विषय काय घालणार?" त्यांनी लेखनिकाला विचारलं. तो म्हणाला, बघू, काहीतरी घालू. तेव्हा मामांनी हात जोडले. माझ्या देखत त्यांनी कुणाही साहेबाला, गोऱ्या वा काळ्या, कधी हात जोडले नव्हते. "किरकोळ घालू नका हो," ते म्हणाले. "वाटेल ते लिहा, पण किरकोळ लिहू नका." लेखनिक हसला. त्याने काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही.

निकाल पुराव्याअभावी विरुद्ध गेला. चिंच तोडली, खळ्यावर माती पडली. भरतीची रेघ तेवढी कुणाला भरता आली नाही, म्हणून तिच्या कडेने एक चिंचोळी पट्टी उरली, चारदोन वलांड्या मावतील एवढी. धाकूमावशी आमच्याकडे येत राहिली, पण पाटी उतरवून बसेना. उभ्या उभ्या मासळी देई आणि जाई. तिची हाक जिन्यात ऐकू आली की मामा न्हाणीघरात शिरत आणि नळ सोडून बसत. तेव्हा आमच्याकडे पाणी तासभर येई. त्यातलं निम्मं मामांच्या शरमेपायी गटारात जात होतं, पण त्यांना बोलायची माझी छाती झाली नाही.

असे बरेच महिने गेले. एका सकाळी धाकूमावशीने पाटी पुन्हा खाली उतरवली आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "मामा, नळ बंद करा नि भायेर या," तिने आवाज दिला. "कागद खाल्लात तो खाल्लात. तुमचे डोक्यान हाय नं अजून? तुमी मेल्यावर त्यो पन जाल. मग आमचे पोरींना काय सांगू? त्यांना शिकवा." आतला नळ बराच वेळ चालू होता. मग बंद झाला.

पुढच्या रविवारपासून मामा बंद गळ्याचा कोट घालून कोळीवाड्यात जाऊ लागले. त्या उरलेल्या पट्टीवर बोंबलांच्या सावलीत बसून ते बायकांना नाकवाल्या साहेबाचं पत्र शिकवत. आधी मराठीत अर्थ, मग इंग्रजी शब्द. सगळ्यांना नाही. त्यांनी तीन घरांतल्या तिघी निवडल्या: धाकूमावशी, एक तिच्या जावेची सून आणि एक शेजारची लेक. तीनच का, म्हणून धाकूमावशी भांडली, तर मामांनी वाळूत बोटाने तीन जहाजं काढली. उच्चारांवरून ते त्यांना रडकुंडीला आणत. "हॉनर नव्हे, ऑनर! त्यातला ह खा, खा तो!" असं ते ओरडत आणि त्या म्हणत, "बोंबील खातो मामा, ह कसा खायाचा?" मी एकदा गेले होते. भरती चढत होती आणि धाकूमावशी बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवत, तोंडाने घडाघडा साहेबाचं इंग्रजी म्हणत होती. मामा मान हलवत होते. मी हसले. मामा हसले नाहीत. धडा संपल्यावर बायका नमस्कार करायला वाकल्या की ते झटकन उठून लांब जात. "माका नको," एवढंच म्हणत. तिथल्या एकाही बोंबलाची चव त्यांनी मरेपर्यंत घेतली नाही, आणि मासळीवाचून राहणं मालवणी माणसाला काय असतं ते मला माहीत आहे.

मामा गेल्यावर खाटेखालची खोकी काढली. रद्दीवाला दारात तराजू घेऊन उभा होता, पण माझ्याने ती त्याला देववली नाहीत. अजून माळ्यावर आहेत. धाकूमावशीही गेली. शेजारची लेक उरणला दिली, ती तिथे कुणाला काय म्हणून दाखवते ठाऊक नाही. जावेची सून मात्र अजून त्या पट्टीवर बसते. पावसाळ्याच्या आधी सुके बोंबील भरायला मी जाते तेव्हा ती आधी वजन करत नाही. आधी हात पुसते, उभी राहते आणि पहिल्या शब्दापासून सगळं पत्र म्हणते. मध्ये काही शब्द आता झिजलेत, एका ठिकाणी मडमेचं नाव बदललंय. मामा असते तर कासावीस झाले असते. शेवटाला ती छातीशी हात नेते आणि ऑनर म्हणताना ह खाते. मग ती माझ्याकडे बघत थांबते, मी मान हलवावी म्हणून. मी हलवते, पण तिच्या नजरेला नजर देणं मला अजून जमत नाही.